गर्दी घड्याळ बघून येते, खाडी तिथी बघते

प्रश्न: मी रत्नागिरीत नोकरी करतो. सात-आठ वर्षं झाली, रविवारी आम्ही जवळच्या खाडीवर जातो. बायको आणि मुलगी तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या काढतात, मी गळ टाकून मासे गरवतो. पूर्वी तासाभरात अर्धी बादली भरायची. आता साडेनऊला पोचावं तर पन्नास-साठ माणसं आधीच वाळूत वाकलेली, गाडी लावायला जागा नाही. दोन तास उकरून अर्धा किलो मिळतात, त्याही बारक्या. जेट्टीवर उभा राहिलो की माझं तंगूस, म्हणजे गळाची दोरी, शेजाऱ्याच्या तंगूसात अडकतं. समोर बोयी मासे उड्या मारत असतात, पण एक लागेल तर शपथ. मागच्या खेपेला तिथल्या बायकांशी बाचाबाचीही झाली. "रविवारी येता आणि आमचं पोट उकरून नेता" असं त्या म्हणाल्या. दुसरी जागा शोधू, की हा नादच सोडून देऊ?

उत्तर:

नमस्कार. जागा सोडू नका, नादही सोडू नका. तुमच्या पत्रात तक्रारी चार आहेत, पण त्यातल्या तीन एकाच शब्दातून निघाल्या आहेत. तो शब्द म्हणजे "साडेनऊला".

साडेनऊ ही माणसाच्या सोयीची वेळ आहे. चहा-नाश्ता झाला, मुलं आवरली, गाडी काढली की साडेनऊ होतात, म्हणून सगळे तेव्हाच पोचतात. खाडीचं पाणी मात्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा चढतं आणि उतरतं. कोकणातला जुना हिशोब घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारलात तर तोंडपाठ निघेल. तिथीला पाऊणकीच्या पाढ्यात घालायचं, येईल ती भरतीची वेळ. चार पाऊणे तीन, म्हणून चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीला सहाला. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून मोजणी. भरतीनंतर सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं गेली की ओहोटी तळाला जाते. दिवसात हे दोनदा होतं. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून बघा. पण कोष्टक रत्नागिरीचंच घ्या. मुंबईची वेळही वेगळी आणि पाण्याची चढउतारही कितीतरी मोठी. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात, तेव्हा वेळेच्या शेजारचा उंचीचा आकडा वाचायला विसरू नका. तिसऱ्यांसाठी तोच आकडा महत्त्वाचा.

आता साडेनऊला पोचणाऱ्याच्या पदरात काय पडतं ते बघा. समजा रविवारी द्वितीया आहे, म्हणजे उधाणाचे, पाणी खूप चढण्या-उतरण्याचे दिवस. दीडला भरती, पावणेआठच्या सुमाराला पाणी तळाला. साडेनऊला तुम्ही चप्पल काढता तेव्हा पाणी जवळजवळ दोन तास चढलेलं असतं. समजा त्या रविवारी नवमी आहे. ओहोटी एकच्या आसपास, वेळ सोयीची. पण हे भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही, आणि वाळूचा फक्त वरचा पट्टा उघडा पडतो. हा वरचा पट्टा महिन्यातले जवळजवळ सगळे दिवस माणसांच्या हाताखाली असतो. तिथली मोठी तिसरी केव्हाच गेलेली, उरतात त्या बारक्या. खालचा पट्टा मात्र पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस, तेही दीड-दोन तासच उघडतो. पन्नास माणसं एका पट्ट्यात वाकलेली दिसतात ती खाडी आटली म्हणून नव्हे. त्या वेळी तेवढाच पट्टा उघडा असतो, आणि तो गाडीपासून जवळ असतो.

यातून रविवारवाल्यासाठी एक सोपं वेळापत्रक निघतं. सात दिवसांत तिथी साधारण सातने पुढे जाते. म्हणजे हा रविवार उधाणाचा असेल तर पुढचा भांगाचा, त्याच्या पुढचा पुन्हा उधाणाचा. असं काही महिने आलटून पालटून चालतं. दर खेपेला थोडं सरकत सरकत चार-पाच महिन्यांनी पाळी उलटते. उधाणाचा रविवार तिसऱ्यांचा, भांगाचा रविवार गळाचा. एकाच फेरीत दोन्ही उरकायचा हट्ट सोडा. उधाणात खाडीच्या तोंडाशी ओढ इतकी असते की गळ जागेवर राहत नाही, आणि भांगात तिसऱ्यांचा पट्टा उघडत नाही. तुम्ही बहुधा दोन्ही रविवारी दोन्ही कामं करता, त्यामुळे दर खेपेला एक काम फसतंच.

तिसऱ्यांच्या रविवारी ओहोटी तळाला जाण्याच्या दीड तास आधी वाळूवर असा. द्वितीयेला म्हणजे सव्वासहाला, उजाडता उजाडता. आल्याआल्या उकरायला बसू नका. उतरत्या पाण्याच्या कडेकडेने चाला, पाणी मागे सरेल तसे त्याच्या मागे जा. ओल्या, नुकत्याच उघड्या पडलेल्या वाळूवर शेजारीशेजारी दोन बारीक भोकं, कधी एकमेकांना चिकटून आठाच्या आकड्यासारखी दिसतात. त्या तिसरीच्या दोन नळ्यांच्या खुणा. टाच जोरात आपटा. जिवंत तिसरी असेल तर भोकातून पाण्याची बारीक चिळकांडी उडते किंवा भोक मिटतं. मग विळ्याचं टोक भोकाच्या बोटभर बाजूने तिरकं घाला आणि वाळू उलटी करा. आपल्या खाड्यांतल्या तिसऱ्या फार खोल नसतात, चार ते आठ बोटांच्या आत सापडतात. त्याखाली खणणं म्हणजे फुकट कंबर मोडणं. निव्वळ चिखलात किंवा कोरड्या, भुसभुशीत वाळूत वेळ घालवू नका. वाळूत थोडा गाळ मिसळलेला असतो, पाय घोट्याच्या खालीच रुततो, ती जागा चांगली.

एका जागी दहा मिनिटांत पाच-सात चांगल्या निघाल्या नाहीत तर वीस पावलं सरका. तिसऱ्या विखुरलेल्या नसतात, ठिगळाठिगळाने असतात. बहुतेक लोक फसतात ते इथेच. चार मिळाल्या की माणूस त्याच खड्ड्यात तासभर बसतो. खड्डा झाला की वाळू परत लोटा. उघड्या पडलेल्या पिल्लांवर ऊन पडलं की ती मरतात, आणि भरतीला त्याच खड्ड्यात कुणाचा तरी पाय मुरगळतो.

आता परतीची वेळ. यात हयगय नको, मुलगी बरोबर असते. उधाणाला भरती-ओहोटीत २.४ मीटरचा फरक आहे असं धरा. पाणी सहा तासांत चढतं, पण सारखं चढत नाही. बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात २० सेंटिमीटर, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ६०. आता वाळूचा दांडा आणि किनारा यांच्यामधला वहाळ, म्हणजे पाण्याचा पाट आठवा. ओहोटीच्या तळाला त्यात गुडघाभर, समजा ५० सेंटिमीटर पाणी होतं. तासाने ते ७० होतं, दोन तासांनी ११०. मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर, मुलीच्या छातीला, आणि त्यात ओढ. तुम्ही समोरच्या पाण्याकडे बघत असता, पण भरती आधी मागच्या वहाळात शिरते. म्हणून वहाळाच्या काठाला एक काठी रोवा आणि पाण्याच्या रेषेवर दोरा बांधा. पाणी दोऱ्याच्या वर चार बोटं आलं की बादलीत काय आहे ते न बघता निघायचं. पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नका, घासत सरकवा. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दडलेलं असतं. घासणारा पाय लागला तर ते निघून जातं, वरून पाय पडला तर काटा मारतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. मग दवाखाना गाठा.

बारक्या मिळतात म्हणता. बारक्या नेल्या जातात म्हणून बारक्याच उरतात, हे तुम्हालाही ठाऊक असणार. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी तलावात हेच झालं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शिंपल्यांचं उत्पादन झपाट्याने घसरलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळीची भोकं ठराविक मापाहून लहान नकोत, बारीक मालाची निर्यात नको, अशी बंधनं तिथल्या लोकांनी पाळली. शिंपली सावरली, आणि २०१४ मध्ये त्या मासेमारीला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. तुमच्या खाडीत असा नियम कुणी लावेपर्यंत खिशात दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटर रुंद असतं. त्याहून लहान तिसरी परत वाळूत, वरवर न फेकता अर्धं बोट खोल दाबून. हे काम मुलीला द्या, मुलं असल्या कामात मोठ्यांपेक्षा कडक असतात. जास्तीची हावही नको. तिघांच्या घराला कवचासकट दोन किलो भरपूर झाल्या. किलोला गर जेमतेम शे-सव्वाशे ग्रॅम निघतो हे खरं, पण तिसऱ्यांच्या सुक्यात चव रसाला आणि खोबऱ्यालाच असते.

आणि हिशोब बादलीवर करू नका, तासावर करा. वहीत तिथी, ओहोटीची उंची, किती जण किती वेळ वाकले आणि किती किलो एवढंच लिहा. तीन माणसांनी दीड तासात दोन किलो म्हणजे माणशी तासाला साधारण साडेचारशे ग्रॅम. सहा-सात उधाणं लिहिलीत की खाडी खरंच आटली आहे का तुमची वेळ चुकत होती, ते वहीच सांगेल. उधाणाच्या खालच्या पट्ट्यातही आकडा सतत घसरत असेल तर मात्र एक हंगाम त्या जागेवर जाऊ नका.

भांगाच्या रविवारी गळ. नवमीला भरती सकाळी पावणेसातच्या आसपास आणि संध्याकाळी सातच्या पुढेमागे. दोन्ही भरत्या अंधुक उजेडात येतात, माशाला हेच हवं असतं. पहाटे पाच ते साडेसात, किंवा संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. त्या वेळी जेट्टीवर मोजकी माणसं असतात आणि जी असतात त्यांना गरवणं कळतं.

तंगूस अडकतं ते माणसं जवळ उभी असतात म्हणून कमी, वजनं वेगवेगळी असतात म्हणून जास्त. तुमचं शिसं २० ग्रॅमचं, शेजाऱ्याचं ६० ग्रॅमचं. ओढीबरोबर तुमचं वाहत जातं, त्याचं तळाला बसतं, आणि तुमची दोरी त्याच्या दोरीवर आडवी पडते. आल्यावर शेजाऱ्याला विचारा, "किती वजन लावलंय?" तेवढंच लावा. फेक समोर सरळ, तिरकी नको. ओढ ज्या बाजूला जाते त्या टोकाला हलकं वजनवाला उभा राहिला तर सगळ्यांचं भलं. गुंता झालाच तर ओढाताण करू नका, आपलं तंगूस कापा. दहा रुपयांच्या दोरीसाठी अर्धी भरती घालवणं परवडत नाही. कापलेले तुकडे खिशात घाला, खाली टाकले तर पक्ष्यांच्या पायाला गुंडाळले जातात.

बोयींचं गुपित सांगायचं तर, त्या उड्या मारतात म्हणजे भुकेल्या आहेत असं नाही. बोय चिखलावरचं शेवाळ आणि गाळ खाते. कोळंबीच्या तुकड्याकडे ती सहसा ढुंकून बघत नाही. उड्या बघून दिवसभर तिच्यासमोर कोळंबी लोंबकळवत ठेवणारे पुष्कळ. बोयच हवी असेल तर कणीक घट्ट मळून वाटाण्याएवढी गोळी, १० किंवा १२ नंबरची बारीक गरी (गळाचा आकडा), वर हलका तरंगता बुच, आणि गोळी हातभर खोल. थोडी कणीक कालवून आधी पाण्यात टाका. नाहीतर बोयीला सोडून द्या आणि मुडदुशीच्या मागे लागा, खाडीच्या तोंडाच्या वाळूवर गरवायला तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही.

मुडदुशीत लोक चुकतात ते लांब फेकून. चढत्या पाण्यात ती काठापासून दहा-पंधरा मीटरवर, पहिल्या खळग्यात चरायला येते, आणि आपण पन्नास मीटरवर गळ टाकून तिच्या डोक्यावरून जातो. त्यातच पाण्यात गुडघाभर उभे राहतो, म्हणजे तिला हाकलूनही देतो. काठावर, कोरड्यात उभे राहा. तंगूस ०.२५ ते ०.३० मिलिमीटर, सरकतं शिसं २० ते ३० ग्रॅम, त्यापुढे हातभर बारीक दोरी, ८ नंबरची गरी. आमिष सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा किंवा खाडीतलं गांडूळ. तिचं तोंड लहान. मोठा तुकडा लावलात तर ती कडेने कुरतडते, तुम्हाला टकटक जाणवते आणि गरी रिकामी येते. टकटक आली की हिसका मारू नका, दोरी हळू ताणा. दर दहा मिनिटांनी आमिष बघा, खेकडा ते कधी नेतो कळतही नाही. गरी अंगठ्याच्या नखावर घासून बघा. घसरली तर बोथट आहे, बदला. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडं तंगूस घासून गाठीशीच तुटतं.

संध्याकाळच्या भरतीला खडकाजवळ किंवा पुलाच्या खांबाशी तांबोशीही लागते. त्यासाठी जाड दोरी, २/० ची मजबूत गरी आणि जिवंत कोळंबी. लागली की ती सरळ खडकात शिरते, म्हणून पहिल्या तीन सेकंदांत दोरी सैल सोडायची नाही. शिंगटी लागली तर हाताने धरू नका, फडक्याने किंवा चिमट्याने गरी काढा. तिच्या काट्यालाही पाकटासारखंच गरम पाणी.

तिसऱ्या घरी आणल्यावर बेसिनच्या नळाखाली तासभर ठेवू नका, गोड्या पाण्यात त्या मरतात आणि पोटातली वाळू तशीच राहते. खाडीच्या तोंडाचं स्वच्छ खारं पाणी डब्यात भरून आणा, किंवा लिटरला ३० ग्रॅम मीठ घाला. पसरट भांड्यात तळाला जाळी ठेवा, म्हणजे टाकलेली वाळू त्या परत ओढणार नाहीत. दोनपेक्षा जास्त थर नकोत. तीन-चार तास, मध्ये एकदा पाणी बदलून. शिजवण्याआधी एकेक हातात घ्या. उघडी असून टिचकी मारल्यावर मिटत नसेल तर टाका. बंद पण नेहमीपेक्षा जड, वाजवली तर बद्द आवाज येणारी असेल तर तीही टाका, आत चिखल भरलेला असतो आणि अशी एक फुटली की आख्खं कालवण वाया जातं. मोठ्या पावसानंतर आठवडाभर, सांडपाणी येतं तिथल्या, आणि पाण्याला लालसर-तपकिरी झाक आली असेल तर अजिबात काढू नका. १९८३ साली मंगळूरजवळच्या खाडीतल्या शिंपल्या खाऊन विषबाधा झाली होती. ते विष शिंपल्यांनी पाण्यातल्या सूक्ष्म जीवांतून घेतलेलं असतं आणि उकळून जात नाही. खाल्ल्यावर ओठ, जीभ बधिर वाटली तर घरगुती उपाय न करता रुग्णालयात जा.

राहिल्या त्या बायका. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्या घरची एका जेवणाची चैन ती त्यांची त्या दिवसाची कमाई असते, आणि त्या प्रत्येक उधाणाला येतात, नुसत्या रविवारी नाही. त्या वाकल्या असतील त्याच्या समोर किंवा शेजारी बसू नका, पन्नास पावलं पुढे जा. दातेरी दंताळं न्यायचं नाही, त्याने एका फेरीत पिल्लासकट सगळं वर येतं. पुढच्या उधाणाला पोचलात की आधी त्यांच्याकडे जा आणि विचारा, "काकी, आज कुठे काढू नको?" कुठे काढू असं नका विचारू, ते कुणी सांगणार नाही. कुठे नको ते मात्र सांगतील, कारण कोणत्या जागेवर पिल्लं आहेत ते त्यांना पक्कं माहीत असतं. भांगाच्या रविवारी तिसऱ्या खाव्याशा वाटल्या तर त्यांच्याकडूनच एक वाटा घ्या, आणि भाव करू नका.